न येणाऱ्या भाषेतले आपले गाणे : ‘ला बाम्बा’ या चरित्रपटाविषयी



यंदाच्या मालेतील माझा विषय जाहीर झाला तेव्हा मंडळातील दोन ज्येष्ठ सभासदांनी मला वेगवेगळे गाठून एकच प्रश्न विचारला. साहित्याच्या व्याख्यानमालेत रॉक अँड रोल कशासाठी? एकांनी पुढे असेही म्हटले की, चित्रपटच घ्यायचा तर ‘संत तुकाराम’ घ्या, ‘बालगंधर्व’ घ्या. अमेरिकेतल्या सतरा वर्षांच्या पोराशी आपला काय संबंध? प्रश्न रास्त होता. मी एवढेच सांगितले की, हा चित्रपट अशा एका मुलाचा आहे, ज्याला आपल्या घराण्याची भाषा धड बोलता येत नव्हती, आणि जगाने त्याला लक्षात ठेवले ते त्या भाषेतल्या गाण्यामुळे. त्यावर ते काही बोलले नाहीत. त्यांची नातवंडे आपसांत कोणत्या भाषेत बोलतात हे मला ठाऊक आहे, आणि माझ्या घरी काय चालते हे त्यांना ठाऊक आहे.

व्याख्यानाच्या वेळी पडद्यावर काही तुकडे दाखवता आले होते. छापील पानावर ती सोय नाही, तेव्हा हकीगत जरा सविस्तर सांगावी लागेल. आपण चित्रपट पाहिलेला नाही असे धरूनच मी चालतो.

रिची व्हॅलेन्स हे त्या मुलाचे बाजारातले नाव. खरे नाव रिचर्ड स्टीव्हन व्हॅलेन्झुएला. जन्म १३ मे १९४१ चा, लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो खोऱ्यातील पकोइमा या वस्तीतला. आईवडील मेक्सिकन वंशाचे, कष्टकरी. तो दहा वर्षांचा असताना वडील वारले. मुलगा डावखुरा, पण मिळाली ती गिटार उजव्या हाताची, म्हणून उजव्या हातानेच वाजवायला शिकला. शाळेत असतानाच एका वाद्यवृंदात शिरला आणि मे १९५८ मध्ये बॉब कीन नावाच्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या गृहस्थाच्या कानावर पडला. कीनच्या कंपनीचे नाव डेल-फाय. त्याने आडनावाचे शेपूट कापले, कारण व्हॅलेन्झुएला म्हटले की रेडिओवाले तबकडी बाजूला ठेवतील ही भीती. व्हॅलेन्झुएलाचा व्हॅलेन्स झाला. त्याच वर्षाच्या अखेरीला एक तबकडी निघाली. तिच्या एका बाजूला ‘डॉना’ हे शाळेतल्या मैत्रिणीवरचे संथ इंग्रजी गाणे होते आणि दुसऱ्या बाजूला ‘ला बाम्बा’, संपूर्ण स्पॅनिशमध्ये. ‘डॉना’ अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले, ‘ला बाम्बा’ बाविसाव्यापर्यंत. आज पहिले गाणे जाणकारांपुरते उरले आहे आणि दुसरे लग्नाच्या वरातीत, क्रिकेटच्या मैदानावर, कुठेही वाजते. गायकाचे नाव ठाऊक नसणारेही त्यावर पाय हलवतात.

२ फेब्रुवारी १९५९ च्या रात्री आयोवा राज्यातील क्लिअर लेक या गावी सर्फ बॉलरूममध्ये कार्यक्रम झाला. हिवाळी दौरा होता, गावामागून गाव, आणि बसमधली ऊब देणारी यंत्रणा वारंवार बंद पडत होती. थंडी इतकी की एका ढोलकवाल्याचे पाय गारठून त्याला रुग्णालयात ठेवावे लागले होते. दौऱ्याचा मुख्य गायक बडी हॉली याने पुढच्या मुक्कामी लवकर पोचून विश्रांती घ्यावी म्हणून एक छोटे विमान ठरवले. एका जागेसाठी रिची आणि हॉलीचा गिटारवादक टॉमी ऑल्सप यांच्यात नाणे उडवले गेले. रिची जिंकला. मध्यरात्रीनंतर उडालेले विमान काही मिनिटांतच शेतात कोसळले. हॉली बावीस वर्षांचा होता, ‘बिग बॉपर’ म्हणून ओळखला जाणारा रिचर्डसन अठ्ठावीसचा, वैमानिक एकवीसचा, रिची सतराचा. कीनने त्याला पहिल्यांदा ऐकले त्याला जेमतेम आठ-नऊ महिने झाले होते.

या जीवनावर चित्रपट काढायचा म्हणजे पहिली अडचण उघड आहे. सतरा वर्षांच्या आयुष्याला उत्तरार्ध नसतो. बालगंधर्वांच्या चरित्रात वैभव आहे, कर्ज आहे, उतारवय आहे, बदलत्या काळाशी झगडा आहे. पटकथाकाराला निवड करायची असते, शोधायचे नसते. राहुल देशपांडे यांनी आपल्या आजोबांची भूमिका केलेला ‘मी वसंतराव’ (२०२२) पाहा. तिथे माणसाला स्वतःच्या गाण्यापर्यंत पोचायलाच अर्धे आयुष्य लागते, आणि ते लागलेले आयुष्य हाच चित्रपटाचा विषय होतो. रिचीच्या बाबतीत तसे काहीच नाही. मुलगा गुणी होता, प्रेमळ होता, यश पटकन मिळाले, आणि मेला. शिवाय चित्रपटगृहात शिरणाऱ्या प्रत्येकाला शेवट आधीच ठाऊक.

लुइस वाल्डेझ याने ही अडचण कशी सोडवली ते पाहण्यासारखे आहे. ‘ला बाम्बा’ (१९८७) चा तो लेखकही आणि दिग्दर्शकही. त्याच्याविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण तो मुळात आपल्यासारख्यांच्या जातकुळीचा, म्हणजे नाटकवाला. जन्म १९४० चा, कॅलिफोर्नियातल्या डेलानोचा, हंगामाप्रमाणे मळ्यांतून फिरणाऱ्या शेतमजुरांच्या घरातला. १९६५ मध्ये डेलानोच्या द्राक्षमळ्यांत सेझार चावेझ यांच्या संघटनेचा संप सुरू होता, तेव्हा वाल्डेझने मजुरांनाच नट करून ‘एल तेआत्रो काम्पेसिनो’, म्हणजे शेतमजुरांचे नाटक, उभे केले. ट्रकच्या उघड्या पाठीवर पाच-दहा मिनिटांचे प्रवेश होत. कोणी मालक, कोणी मुकादम, कोणी संप फोडणारा. गळ्यात पाटी अडकवली की पात्र तयार. आपल्याकडे अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांची कलापथके ज्यांनी पाहिली किंवा ज्यांच्याविषयी वाचले, त्यांना हा प्रकार निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

या माणसाने रिचीची गोष्ट हाती घेतली तेव्हा पहिले काम काय केले? त्याला शेतमजुरांच्या छावणीत नेऊन बसवले. चित्रपटाच्या सुरुवातीला रिची, त्याची आई आणि धाकटी भावंडे फळबागांच्या कडेला तंबूवजा खोपट्यांत राहतात, आणि मोटारसायकलवरून आलेला थोरला भाऊ बॉब त्यांना तिथून पकोइमाला घेऊन जातो. रिचीच्या चरित्रापेक्षा हा भाग दिग्दर्शकाच्या चरित्राशी अधिक जुळतो. रिची पकोइमाचाच. छावणीत वाढला तो वाल्डेझ.

याला खोटेपणा म्हणायचे का? मला तसे वाटत नाही, पण ‘चरित्रपटात सगळे चालते’ असेही मी म्हणणार नाही. आपल्या घरचेच उदाहरण घ्या. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) साठी शांताराम आठवले यांनी बीज आणि तरू यांच्या दृष्टान्ताचे एक पद लिहिले. ते इतके बेमालूम उतरले की पुष्कळांनी ते तुकोबांच्या गाथेतलेच मानले. ती भर तुकोबांच्या वाटेने जाणारी होती, म्हणून खपली. वाल्डेझची छावणीही तशीच आहे. व्हॅलेन्झुएला कुटुंब ज्या लोकांतले, त्या लोकांचे ते खरे दृश्य आहे. प्रत्येक भरीबद्दल मात्र असे म्हणता येत नाही, आणि माझा वाल्डेझशी मुख्य वाद आहे तो अशाच एका भरीवरून. तिकडे येतोच.

त्याआधी थोरला भाऊ. उत्तरार्ध नसलेल्या नायकाची अडचण वाल्डेझने सोडवली ती या भावाच्या रूपाने. बॉब मोरालेस हा रिचीचा सावत्र भाऊ, आई एक, वडील निराळे. चित्रपटात तो तुरुंगातून सुटून येतो, दारू पितो, भलत्या धंद्यांत पडतो, रिचीशी सलगी असलेल्या रोझीला घेऊन जातो आणि तिचेही धड करत नाही. त्याच्या हातात चित्रकला आहे, पण पाठीवर थाप मारायला कोणी नाही. आईचे डोळे रिचीवर. आपल्या ओळखीतल्या किती घरांत हा बॉब असतो, वाचकहो! एका मुलाच्या हुशारीवर सगळे घर उभे राहते आणि दुसरा भिंतीला टेकून ते पाहत राहतो. एसाय मोरालेस या नटाने हे काम असे केले आहे की त्याचा राग येतो आणि त्याच्यावरून नजरही हटत नाही. रिची झालेला लू डायमंड फिलिप्स गोड आहे, निर्मळ आहे, आणि त्यामुळे थोडासा सपाट. हा दोष नटाचा नाही. ज्या मुलाने कोणाचे वाईट केले नाही त्याच्या तोंडी पटकथेने तरी काय द्यावे? चित्रपटाचा खरा नायक बॉब आहे असे माझे मत आहे. ते मान्य केले की पुष्कळ गोष्टी जागेवर बसतात. रिचीला मरायचे आहे हे आपल्याला ठाऊक असते. बॉबला त्याच्यामागे जगायचे आहे, आणि तो कसा जगेल हे आपल्याला ठाऊक नसते.

शेवटही बॉबचाच आहे. तो गॅरेजमध्ये काम करत असताना रेडिओवर बातमी येते. तो घराकडे धावतो. आई अंगणात कपडे वाळत घालत असते, तिलाही तेव्हाच कळते. विमान पडताना दाखवलेले नाही; वाळत घातलेले कपडे दाखवले आहेत. मग अंत्ययात्रा, आणि एका पुलावर उभा राहून भावाच्या नावाने हाक मारणारा बॉब. मागे सॅन्तो आणि जॉनी या जोडीचे ‘स्लीप वॉक’ हे गिटारचे संथ वादन चालू असते. हे वादन लोकांसमोर आले ते रिची गेल्यानंतर काही महिन्यांनी, १९५९ मध्येच. रिचीने ते कधी ऐकले नसणार. कालक्रम पाहणाऱ्याला ते खटकेल. मला खटकत नाही, कारण त्या पुलावर कान बॉबचे आहेत आणि त्याला ते पुढे आयुष्यभर ऐकायचे आहे.

चित्रीकरणाच्या वेळी रिचीचे कुटुंबीय हजर असत. विमानाचे दृश्य घेतले जात होते तेव्हा रिचीच्या एका बहिणीला रडू आवरेना आणि तू त्या विमानात का बसलास असे ती त्या नटालाच विचारू लागली, अशी आठवण फिलिप्सने मुलाखतींत सांगितली आहे. त्याचे ते पहिलेच मोठे काम. तो स्वतः मेक्सिकन वंशाचा नाही, त्याची आई फिलिपिन्सची. बॉब झालेल्या मोरालेसचे मूळ पोर्तो रिकोचे. म्हणजे मेक्सिकन घराची गोष्ट सांगताना दोन्ही भाऊ बाहेरचे घेतले. त्या वेळी यावर नाराजीही झाली. पण रिचीच्या बहिणीला जे वाटले ते नटाचे मूळ गाव पाहून वाटले नव्हते.

चित्रपटातल्या शकुन-अपशकुनांविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो भाग मला कमकुवत वाटतो. ३१ जानेवारी १९५७ रोजी पकोइमावर दोन विमानांची हवेत टक्कर झाली आणि अवशेष तिथल्या शाळेच्या मैदानावर कोसळले. तीन विद्यार्थी दगावले. रिची त्याच शाळेचा. त्या दिवशी आजोबांच्या अंत्यविधीसाठी गेला होता म्हणून वाचला. ही घटना सत्य आहे आणि इतकी विलक्षण आहे की कादंबरीत कोणी लिहिली तर संपादक खोडून टाकेल. वाल्डेझने ती स्वप्नासारखी संथ गतीत चित्रपटाच्या आरंभीच ठेवली, तेही ठीक. पण मग तो थांबत नाही. पुन्हा स्वप्न, पुन्हा विमान, मांत्रिकाने दिलेला सापाचा ताईत, भावाभावांच्या मारामारीत तो ताईत तुटणे. मृत्यूची चाहूल इतक्या वेळा दिली की तिचे वजन कमी होते. खऱ्या घटनेला ताईत बांधायची गरज नव्हती.

आता त्या वादाकडे येतो.

‘ला बाम्बा’ हे गाणे रिचीने रचलेले नाही. मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावर व्हेराक्रुझ प्रांत आहे, तिथल्या ‘सोन हारोचो’ या लोकसंगीत परंपरेतले ते जुने गाणे आहे. साथीला हार्प आणि गिटारच्या घराण्यातली छोटी वाद्ये असतात. नाचणारे लाकडी फळ्यांच्या मंचावर टाचांनी ताल धरतात. लग्नसमारंभात हे गाणे चालते. वधूवरांनी नाचता नाचता पायांनीच फितीची गाठ बांधायची असा एक खेळही त्याच्याबरोबर असतो. कडवी ठरलेली नसतात, गाणारा ऐनवेळी आपली जोडतो. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या किंवा लग्नातले उखाणे आठवा: साचा पिढ्यान्‌पिढ्यांचा, शब्द ज्याचे त्याचे. रिचीने या गाण्यामागे विजेची गिटार आणि रॉक अँड रोलचा ठोका ठेवला. हॉलिवूडच्या गोल्ड स्टार स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित झाले, अर्ल पामरसारखा मुरलेला ढोलकवाला साथीला होता, आणि सगळे काम दोन मिनिटांच्या आसपास आटोपले.

चित्रपटात हे गाणे रिचीला कुठे भेटते? सरहद्दीपलीकडे, तिहुआनात. बॉब त्याला तिथे घेऊन जातो. रंगेल वस्तीतल्या एका नाचघरात वाद्यवृंद ‘ला बाम्बा’ वाजवत असतो आणि रिची खिळून उभा राहतो. दृश्य सुंदर आहे. ते वादक म्हणजे लॉस लोबोस, ज्यांनी चित्रपटाची गाणी केली. दुसऱ्या दिवशी तो म्हातारा मांत्रिक भेटतो. म्हणजे भाषा, गाणे, साप, ताईत, सगळा मेक्सिको रिचीला एका रात्रीत, कुंपणापलीकडे मिळतो.

पडद्यावर हे शोभते. पण चरित्रकारांनी नोंदवलेली गोष्ट साधी आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. रिची इंग्रजीतच वाढला. स्पॅनिश त्याला बोलता येत नव्हते. तरी मेक्सिकन गाणी लहानपणापासून घरच्या मंडळींत त्याच्या कानावर होती, आणि ‘ला बाम्बा’चे शब्द त्याला नात्यातल्याच एका बाईने शिकवले. अर्थ पुरता कळत नसेल, पण उच्चार त्याने घोकून बसवले. त्यासाठी सीमा ओलांडावी लागली नाही. गाणे घरात होते.

रेकॉर्डवाल्या कीनच्या बाबतीतही चित्रपटाने उलटापालट केली आहे. पडद्यावर कीन कां-कूं करतो, स्पॅनिशमध्ये रॉक अँड रोल कोण ऐकणार म्हणतो आणि रिची हट्ट धरतो. कीनच्या बाजूची हकीगत वेगळी आहे: गाणे मुद्रित करावे असा आग्रह त्याचा, आणि कचरत होता तो रिची. लोकांच्या मांडवातल्या गाण्याचा आपण तमाशा करू की काय, ही त्याला धास्ती. कीन व्यापारी माणूस होता, त्याच्या शब्दावर किती विसंबायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. पण रिचीचे ते कचरणे मला फार ओळखीचे वाटते. भाषा पूर्ण येत नसलेला माणूसच असा कचरतो. ज्याला ती येते तो तिची बिनधास्त मोडतोड करतो.

वाल्डेझने हट्टी नायक आणि नकार देणारा व्यापारी दाखवला, कारण तसा संघर्ष प्रेक्षकाला लगेच कळतो. त्यात कचरणारा मुलगा हरवला. आणि तिहुआना दाखवताना घरातली ती बाई हरवली. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती लहान नाही. चित्रपट नकळत असे सांगतो की मूळ भाषा ‘तिकडे’ असते, आणि ती हवी तर एकदा तिकडची यात्रा करून यावे लागते.

बडोद्यात, इंदुरात, ग्वाल्हेरीत, बेळगावात आपण पिढ्यान्‌पिढ्या राहिलो. ‘तिकडे’ हा शब्द आपल्या बोलण्यात किती वेळा येतो ते आपणच मोजून पाहा. शुद्ध मराठी तिकडे, नाटक तिकडे, पुस्तके तिकडे. सुटीत मुलांना पुण्याला नेले, सारसबाग दाखवली, एक नाटक दाखवले की आपले कर्तव्य झाले. इकडे आमच्या शहरात गणेशोत्सवात आरतीला उभी राहणारी मुले मी दरवर्षी पाहतो. त्यांतल्या कित्येकांच्या हातातल्या कागदावर आरती गुजराती लिपीत उतरवलेली असते. काहींना शब्द कळतात, काहींना कळत नाहीत. पण चाल अचूक, टाळ अचूक, ‘ळ’ सुद्धा अचूक. आजीने बसवून घेतलेला असतो. मंडळाच्या एका बैठकीत याविषयी बरीच खेदाची भाषणे झाली. मला त्या मुलांत पकोइमाचा मुलगा दिसतो. त्याने घोकलेले शब्द ऐकून व्हेराक्रुझच्या कोणा म्हाताऱ्याने नाक मुरडलेही असेल. पण सोन हारोचो हा शब्दही ज्यांनी ऐकला नव्हता, त्या जगभरच्या लोकांपर्यंत व्हेराक्रुझचे ते गाणे त्याच घोकणाऱ्या मुलाने पोचवले.

याचा अर्थ भाषा शिकवू नये असा कोणी काढू नये. रिचीला स्पॅनिश आले असते तर त्याने पुढे काय केले असते, हा प्रश्न उरतोच, आणि त्याला पुढेच मिळाले नाही.

त्याच वर्षाची, १९५८ ची, एक गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे आणि ती थेट महाराष्ट्रातली आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतल्या काही मुलांनी ‘हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला आणि रॉक अँड रोल वाजवू लागली. पियानोवर होता फारुख बुलसारा, झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा, पुढचा फ्रेडी मर्क्युरी. व्हॅलेन्झुएलाचा व्हॅलेन्स झाला तसाच हा बुलसाराचा मर्क्युरी. त्याच्यावरचा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (२०१८) जगभर चालला, पण पाचगणीचे दृश्य त्यात नाही. नायक लंडनमध्ये जवळजवळ तयार होऊनच आपल्यासमोर येतो. वाल्डेझशी माझे भांडण आहे खरे, पण त्याने निदान आपल्या नायकाला आई दिली, भावंडे दिली, अंगण दिले. आणि रॉक अँड रोलशी आपला काय संबंध असे अजूनही कोणाला वाटत असेल तर पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांचे, ‘आशा’ (१९५७) मधले किशोरकुमारचे धमाल गाणे आठवावे. मुंबईच्या स्टुडिओत ते घडले तेव्हा साथीला गोव्याचे वादक होते, आणि एका कोंकणी वाक्प्रचाराने त्या गाण्यात आपली जागा कशी पटकावली याची कथा अजून सांगितली जाते.

बडी हॉलीवरचा ‘द बडी हॉली स्टोरी’ (१९७८) मी या व्याख्यानासाठी पुन्हा पाहिला. गॅरी ब्युसीने त्यात स्वतः गायले-वाजवले, त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले, आणि संगीताच्या रूपांतरासाठी चित्रपटाला ऑस्कर मिळालेही. पण हॉलीच्या साथीदारांची नावे त्यात बदललेली आहेत आणि त्याच्या ध्वनिमुद्रिका ज्याने घडवल्या तो नॉर्मन पेटी त्यात नाहीच. पॉल मॅकार्टनीला हे इतके खटकले की त्याने पुढे खऱ्या माणसांना बोलते करणारा माहितीपट काढला. ‘ला बाम्बा’च्या वाट्याला असा माहितीपट आला नाही. ज्यांनी तो काढला असता ते लोक चित्रपटातच सामील होते. रिचीची आई कोनी व्हॅलेन्झुएला हिने हा चित्रपट पाहिला आणि तो प्रदर्शित झाल्यानंतर थोड्याच महिन्यांत, १९८७ मध्येच, ती गेली. रिचीजवळच तिचे दफन झाले.

कोलंबिया कंपनीने त्या उन्हाळ्यात चित्रपटाच्या काही प्रती अमेरिकेतच स्पॅनिशमध्ये प्रदर्शित केल्या. ज्या देशात रेडिओवाल्यांच्या भीतीने एका मुलाचे आडनाव कापावे लागले होते, त्याच देशात त्याची गोष्ट अठ्ठावीस वर्षांनी त्याला न येणाऱ्या भाषेत लोकांनी पाहिली. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीतही तो समाविष्ट झाला.

रिचीचे स्वतःचे चित्रण फारसे उरलेले नाही. ‘गो, जॉनी, गो!’ या त्याच्या मृत्यूनंतर आलेल्या चित्रपटात तो एक गाणे म्हणताना दिसतो. ते जरूर पाहा. फिलिप्सपेक्षा हा मुलगा अंगाने भरलेला आहे, चेहरा गोल आहे, आणि तो सतरापेक्षा मोठा दिसतो. तो ज्या सहजतेने उभा राहतो ती मात्र फिलिप्सने नेमकी उचलली आहे.

आणि मग लॉस लोबोसचे ‘ला बाम्बा’ ऐका. पूर्व लॉस एंजेलिसची ही मंडळी सुरुवातीला लग्नांत आणि घरगुती समारंभांत जुनी मेक्सिकन वाद्ये घेऊन बसत, रॉककडे नंतर वळली. पडद्यावर फिलिप्सच्या तोंडी आवाज आहे तो त्यांच्यातल्या डेव्हिड हिदाल्गोचा. १९८७ च्या ऑगस्टमध्ये हे मुद्रण अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. संपूर्ण स्पॅनिश गाणे तिथे त्यापूर्वी पोचले नव्हते. बहुतेक लोक विजेच्या गिटारचा जोर ओसरला की ऐकणे थांबवतात. आपण थांबू नका. शेवटी विजेची वाद्ये गप्प होतात आणि छोट्या लाकडी गिटारी पुढे येतात, व्हेराक्रुझच्या मांडवात वाजतात तशा, आणि गाणे त्यांच्यावरच संपते.